तुमच्या गेमसारखाच गेम दुसऱ्याने काढला तर? आधी चाळणी, मग भांडण

मागच्या गणपतीत आत्तेभावाचा मेसेज आला, "दादा हिंदीतपण काढलास होय गेम, सांगायचं तरी." सोबत स्क्रीनशॉट. मी हिंदीत काहीही काढलं नव्हतं. बघतो तर आमचाच तराजू, आमचीच भाजीवाली आजी, फक्त तिच्या लुगड्याचा हिरवा रंग जांभळा केलेला आणि बटणं उजवीकडची डावीकडे नेलेली.

आमचा गेम काही फार मोठा नाही, मी आणि एक मित्र, पुण्यात, दोघांनी नोकऱ्या सांभाळून रात्री बसून केलेला. गिऱ्हाईक येतं, सव्वा किलो कांदे मागतं, तुमच्याकडे ठरावीक वजनं, कमीत कमी उचलठेव करून तराजू बरोबर करायचा, बस एवढंच. पण आपलं ते आपलं असतं. त्यानंतरच्या चार महिन्यांत जे वाचलं, वकिलांकडे बसून ऐकलं आणि जे चुकलं ते सगळं इथे क्रमाने लिहितोय, कारण त्या रात्री मी शोधत होतो तेव्हा मराठीत मला काही सापडलं नाही. मी वकील नाही, पैशाचा मामला मोठा असेल तर वकील गाठाच, पण त्याच्याकडे जाताना हातात काय असावं हे तरी कळेल.

पायरी शून्य: त्या रात्री काही पोस्ट करू नका

मी केली. रात्री साडेअकराला, समोरच्यांचं नाव घेऊन, "चोर" वगैरे लिहून, वर दोन्ही गेमचे फोटो शेजारी शेजारी लावून गोल काढून दाखवलं की हे बघा काय काय उचललंय. मित्रांनी शेअर केलं, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्यांचं अपडेट आलं आणि मी गोल काढलेल्या दोन जागा बदललेल्या होत्या. म्हणजे पुरावा कुठे आहे हे मीच त्यांना बोट दाखवून सांगितलं.

शिवाय कायद्याचंही आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६० आहे, कुणी उगाच आधार नसताना कॉपीराइटच्या धमक्या देत असेल तर धमकी मिळालेला माणूस उलट कोर्टात जाऊन मनाई आणि नुकसानभरपाई मागू शकतो. आणि "चोर" म्हटल्यावर अब्रुनुकसानीचं वेगळंच. तेव्हा राग आला तर चहा प्या.

पायरी १: पुरावा गोळा करा, गाजावाजा न करता

स्टोअरवरचं त्यांचं पान वरपासून खालपर्यंत स्क्रोल करत स्क्रीन रेकॉर्डिंग करा, त्यात व्हर्जन नंबर, शेवटच्या अपडेटची तारीख, डेव्हलपरचं नाव-ईमेल, डाउनलोडचा आकडा सगळं दिसलं पाहिजे. मग गेम इन्स्टॉल करून पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळा आणि तेही रेकॉर्ड करा. कंटाळवाणं काम आहे पण आमची केस जिथे खरी सापडली ती इथेच, ते पुढे सांगतो. गेममध्ये काही विकत घ्यायचं असेल तर सगळ्यात स्वस्त वस्तू घेऊन पावती ठेवा. आणि जुनं व्हर्जन फोनवर असेल तर ऑटो-अपडेट बंद करा, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आपल्या बाजूचा पुरावाही तेवढाच लागतो. कोडची जुनी हिस्टरी, चित्रांच्या लेयरवाल्या मूळ फाइल्स, वहीतली कच्ची स्केचेस, एकमेकांना पाठवलेले मेल. आमच्या आजीचं पहिलं चित्र एका हॉटेलच्या बिलामागे काढलेलं होतं, ते बिल तारखेसकट निघालं.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा, फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी अंगठा बदलतो. म्हणून रेकॉर्डिंग केल्या केल्या त्याची हॅश काढून ठेवा आणि मूळ फाइलला नंतर हात लावू नका, कापाकापी करायची तर कॉपीवर करा.

पायरी २: चाळणी लावा. हीच खरी पायरी आहे

बहुतेक सगळे इथे अडकतात. "आमची कल्पना चोरली" हे वाक्य या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य आहे, कारण कल्पना तुमची नसतेच. म्हणजे डोक्यातून तुमच्या निघाली असेल, पण कायद्याने ती कुणाच्याच मालकीची नाही. गेमचे नियमही नाहीत. कायदा राखतो तो फक्त ती कल्पना तुम्ही ज्या रूपात मांडली ते रूप. चित्रं, ॲनिमेशन, संगीत, संवाद, कोड, आणि या सगळ्याची तुम्ही केलेली खास जुळणी.

आपल्याकडे हे १९७८ मध्येच सुप्रीम कोर्टाने आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या निकालात सांगितलंय. "हम हिंदुस्तानी" नावाच्या नाटकाच्या लेखकाचं म्हणणं होतं की "न्यू दिल्ली" सिनेमा आपल्या नाटकावरून उचलला. कोर्ट म्हणालं, प्रांतवाद हा विषय दोन्हीकडे आहे, पण मांडणी वेगळी आहे. आणि कसोटी काय दिली तर दोन्ही कलाकृती बघितल्यावर साध्या प्रेक्षकाचं ठाम मत होतं का की दुसरी ही पहिलीची नक्कल आहे. नाटक-सिनेमाची केस आहे पण आजही वकील उठसूट हीच पुढे करतात.

गेमच्या बाबतीत बघायचं तर अमेरिकेतले निकाल बघावे लागतात कारण भांडणं तिकडेच जास्त झालीत. त्यातला टेट्रिसचा निकाल मी तीनदा वाचला आणि तुम्हीही निदान एकदा वाचाच. २००९ मध्ये झिओ नावाच्या छोट्या कंपनीने आयफोनवर "मिनो" नावाचा गेम काढला. टेट्रिसच. त्यांनी कोर्टात ते नाकारलंही नाही, उलट म्हणाले की हो, आम्ही टेट्रिस बघूनच केला, पण आम्ही फक्त नियम घेतले आणि नियमांवर कॉपीराइट नसतो, आम्ही आधी नीट अभ्यास करून मगच केलंय. ऐकायला एकदम बरोबर वाटतं ना? मे २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या कोर्टाने त्यांना हरवलं.

कोर्टाने कशी चाळणी लावली ते बघा. वरून तुकडे पडणार, ते फिरवून बसवायचे, आडवी ओळ भरली की ती गायब होणार, वरपर्यंत ढीग लागला की गेम संपणार, हे सगळे नियम, घ्या खुशाल. पण मैदान बरोबर दहा रुंद आणि वीस उंचच का पाहिजे? तुकडे त्याच आकारांचे, तसल्याच भडक रंगाचे, चौकोनांच्या कडा तशाच का? तुकडा कुठे पडेल हे दाखवणारी फिकट सावली, पुढचा तुकडा दाखवायची पद्धत, तुकडा बसला की त्याचा रंग बदलणं, गेम संपल्यावर अख्खं मैदान चौकोनांनी भरून येणं, यातलं काहीच त्या नियमांना अत्यावश्यक नव्हतं, दुसऱ्या पन्नास रीतींनी करता आलं असतं. निकालात दोन्ही गेमची चित्रं शेजारी शेजारी छापलीत आणि न्यायाधीशांनी म्हटलंय की कुठला कोणता हे सांगितलं नाही तर साध्या खेळणाऱ्याला ओळखता येणार नाही. कोड झिओने स्वतःचा लिहिला होता बरं का, तरी हरले. "आम्ही कोड स्वतः लिहिलाय" हा बचाव पुरत नाही.

आता उलटी बाजू. १९८१ मध्ये अटारी या गेम कंपनीने आपल्या "ॲस्टेरॉइड्स"सारखा दिसणाऱ्या "मीटिअर्स" गेमवर केस केली. कोर्टाने मोजून बावीस साम्यं काढली आणि तरीही अटारी हरली, कारण ती साम्यं अशी होती की अवकाशात दगड फोडायचा गेम करायचा म्हटलं की ती येणारच. दगड लहान-मोठे असणार, यान फिरणार, गोळी लागली की दगड फुटणार. तसंच १९८८ चं कराटेच्या गेमचं प्रकरण, डेटा ईस्ट विरुद्ध एपिक्स. दोन कराटेवाले, एक पंच, वाकून नमस्कार, लाथा-बुक्क्या, हे कराटेतच आहे, गेमवाल्याचं त्यात काय?

याला वकील लोक जडजंबाल फ्रेंच नाव देतात. मला ते तमाशावरून कळलं. गण आणि गवळण सगळ्याच फडांत असते, म्हणून कुठला फड दुसऱ्यावर "तुम्ही आमची गवळण चोरली" अशी केस करत नाही, पण वग ज्याचा त्याचा. तुमच्या गेममधलं गण-गवळण कुठलं आणि वग कुठला हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे, तेही स्वतःशी खोटं न बोलता.

मधला प्रकार म्हणजे १९८२ चं पॅक-मॅन विरुद्ध के. सी. मंचकिन. तिथे कोर्टाने चक्रव्यूह, ठिपके, गुण मोजायची पद्धत हे बाजूला काढलं, पण ते गपागप खाणारं तोंड आणि मागे लागणारी भुतं, त्यांचं दिसणं-वागणं, हे मात्र पॅक-मॅनवाल्यांचं धरलं आणि मंचकिनची विक्री थांबवायचा तात्पुरता हुकूम दिला. म्हणजे नव्वद टक्के गेम चाळणीतून खाली गेला तरी वर राहिलेलं दहा टक्के जर गेमचा जीव असेल तर तेवढ्यावर जिंकता येतं.

पायरी ३: दोन रकाने

एक शीट उघडा. डावीकडे साम्य लिहायचं, उजवीकडे एकच प्रश्न: हे दुसऱ्या रीतीने करता आलं असतं का? उत्तर "नाही" असेल तर ओळ खोडून टाका, कितीही जीव जळला तरी.

आमची शीट सुरुवातीला एकतीस ओळींची होती. तराजूला दोन पारडी, खोडा, तराजूला दोनच असतात. वजनं पाव, अर्धा, एक, दोन किलो, खोडा, बाजारात तीच मिळतात. गिऱ्हाईक चिडलं की जातं, खोडा. चाली मोजून तारे द्यायचे, हे तर अख्ख्या दुनियेत आहे. आजी म्हातारी आहे, पदर डोक्यावर, मंडईत अशा शंभर आज्या बसतात. मित्र म्हणायला लागला की अरे आपलं काही उरतंय का नाही.

उरलं ते हे. आजीचा चेहरा, तिच्या नाकातली नथ जरा तिरकी आणि डाव्या गालावरचा तीळ. तराजूची सावली, खिडकी डावीकडे आहे आणि सावलीही डावीकडेच पडते, ही आमचीच चूक, पहिल्या दहा लेव्हलना तशीच राहून गेली, त्यांच्याकडेही पहिल्या दहालाच तशी. आणि लेव्हल. पहिल्या चाळीस लेव्हल त्याच क्रमाने, तीच वजनं, तेवढ्याच चाली.

पण खरा मासा लेव्हल २३ मध्ये गळाला लागला. आमच्याकडे २३ व्या लेव्हलला गिऱ्हाईक सव्वा किलो कांदे मागतं पण गेम मान्य करतो तो दीड किलोलाच. माझीच टायपिंगची चूक, लोकांनी रिव्ह्यूत "आजी फसवते" म्हणून लिहिलंय तरी दुरुस्त करायचं राहत गेलं. त्यांच्या गेममध्ये हिंदीत "सवा किलो" लिहिलंय आणि तोही दीड किलोलाच हो म्हणतो! स्वतः डोकं लावून केलेल्या गेममध्ये दुसऱ्याची चूक त्याच जागी येत नाही. परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिणारा पोरगा सापडतो तो चुकीच्या उत्तरावरच.

तेव्हा साम्यं शोधताना चांगल्या गोष्टी कमी आणि स्वतःच्या चुका जास्त शोधा. शेवटी आमच्या शीटमध्ये पाच ओळी उरल्या. एकतीस कच्च्या ओळींपेक्षा या पाच पक्क्या ओळींत जास्त दम होता.

पायरी ४: नाव आणि आयकॉन वेगळे काढा

हे कॉपीराइटचं नाही, ट्रेडमार्कचं प्रकरण आहे, आणि कित्येकदा हाच रस्ता जास्त सरळ असतो. याचं आपल्याकडचंच उदाहरण आहे, स्क्रॅब्युलस. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी फेसबुकवर स्क्रॅबलसारखा शब्दांचा गेम आणला, तुफान चालला, लोक ऑफिसात बसून खेळायचे. अमेरिका-कॅनडा सोडून बाकी जगात स्क्रॅबल ज्यांच्याकडे आहे त्या मॅटेलने दिल्ली हायकोर्टात केस टाकली. सप्टेंबर २००८ मध्ये निकाल आला तो फार मजेचा आहे. बोर्डावर कॉपीराइट आहे हा मॅटेलचा दावा कोर्टाने मानला नाही. एक तर बोर्डावरची रंगीत घरं म्हणजे नियमच रंगवून दाखवलेले, नियम आणि रूप वेगळं काढताच येत नाही. दुसरं म्हणजे कॉपीराइट कायद्याचं कलम १५, ज्या वस्तूचं डिझाइन म्हणून रजिस्ट्रेशन करता आलं असतं पण केलं नाही आणि कारखान्यात पन्नासपेक्षा जास्त नग काढले, त्यावरचा कॉपीराइट संपतो. पण नाव? "स्क्रॅब्युलस" हे "स्क्रॅबल"च्या इतकं जवळचं आहे की लोकांची गल्लत होणार, म्हणून त्या नावाला मनाई. भावांनी नाव बदलून "लेक्सुलस" केलं आणि गेम चालू ठेवला.

यातून तुमच्या कामाचं एवढंच की गेम लाँच करायच्या आधी नावाचा ट्रेडमार्क अर्ज टाका. सॉफ्टवेअर म्हणून वर्ग ९ आणि मनोरंजन म्हणून वर्ग ४१. एकट्या माणसाला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन फी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये. आम्ही टाकला नव्हता, ते पैसे वाचवले म्हणून आपल्याला हुशार समजत होतो.

पायरी ५: मालक नक्की कोण?

वकिलाचा पहिला प्रश्न हा होता आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. आजीचं चित्र आमच्या एका मैत्रिणीने काढलेलं, पैसे दिले होते, कागद काहीच नाही.

कायदा असा आहे की नोकरीत असताना नोकरीचं काम म्हणून केलेलं नोकरी देणाऱ्याचं, पण फ्रीलान्सरने केलेला कोड किंवा संगीत साधारणपणे ज्याने केलं त्याचंच. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्रांसाठी कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये थोडी वेगळी वाट आहे, पण तिच्यावर भरवसा ठेवून कोर्टात जाऊ नका, समोरचा वकील तिथेच वर्ष घालवेल. लेखी आणि सही केलेला करार पाहिजे. करारात मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे हक्क पाचच वर्षांसाठी मिळाले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. म्हणजे तुमचा गेम ब्राझीलमध्ये कुणी उचलला तर तुम्ही कोण असा प्रश्न. आणि हक्क घेऊन वर्षभर वापरले नाहीत तर तेही परत जातात, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. मैत्रीण भली, तिने लगेच सही करून दिली. भांडण झालेल्या मित्राने काढलेलं असतं तर?

आणि हो, तुम्ही दिवसा सॉफ्टवेअर कंपनीत असाल तर तुमचं अपॉइंटमेंट लेटर बाहेर काढून वाचा. कित्येक लेटरमध्ये "नोकरीच्या काळात केलेलं सर्व काही कंपनीचं" असलं वाक्य असतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर गेम करू नका, एवढं तरी करा.

कॉपीराइट रजिस्टर केलेला नसला तरी हक्क असतोच, पण सर्टिफिकेट असलं तर कलम ४८ प्रमाणे तो प्रथमदर्शनी पुरावा धरतात, बाकी सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर जातं. दिल्लीच्या कॉपीराइट ऑफिसला ऑनलाइन अर्ज होतो. कोड हा साहित्यकृती म्हणून जातो, हसू नका, खरंच, ज्ञानेश्वरीच्या आणि आपल्या कोडच्या अर्जाचा खण एकच, फी ५०० रुपये. कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं द्यायची, वीसपेक्षा कमी असेल तर सगळा, आणि मध्ये काळं फासून लपवायचं नाही. चित्रांचा अर्ज वेगळा. डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक मिळाला की ३० दिवस हरकतींसाठी थांबतात, मग तपासणी.

पायरी ६: स्टोअरकडे तक्रार

बहुतेकांची लढाई इथेच होते आणि इथेच संपते. कॉपीराइटचा फॉर्म वेगळा, ट्रेडमार्कचा वेगळा, दोन्ही एकात कोंबू नका. ॲपल तुमची तक्रार समोरच्याला पाठवून तुम्हा दोघांना मेलवर जोडून देतं, तेव्हा ईमेल शांत डोक्याने लिहायचे, ते उद्या कोर्टात वाचले जातील.

तक्रार वाचणारा माणूस दिवसाला अशा ढीगभर तक्रारी बघतो. "यांनी आमचा पूर्ण गेम कॉपी केला, कृपया कडक कारवाई करा" हे आमचं पहिलं पत्र, परत आलं, अधिक माहिती द्या म्हणून. दुसरं पत्र असं केलं: आमचं अमुक चित्र, अमुक तारखेला प्रसिद्ध, ही लिंक. त्यांच्या गेममध्ये लेव्हल १ ते १० मध्ये तेच चित्र, व्हिडिओत अमुक मिनिटाला. नथ, तीळ, सावलीची दिशा सारखी. लेव्हल १ ते ४० ची वजनं दोन रकान्यांत. लेव्हल २३ मधली चूक दोन्हीकडे. एकही विशेषण नाही. नवव्या दिवशी गेम उतरला.

पण नाचू नका. अमेरिकन कायद्यातली व्यवस्था अशी की समोरचा उलट नोटीस देऊ शकतो, आणि दिली तर तुम्ही दहा ते चौदा कामाच्या दिवसांत कोर्टात गेला नाहीत तर गेम परत वर येतो. आपल्याकडे २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५ आहे, लेखी तक्रार मिळाल्यावर मध्यस्थ कंपनीने, म्हणजे ज्यांच्याकडे तो मजकूर ठेवलाय त्यांनी, ३६ तासांत मजकूर बंद करायचा, पण २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाही तर तो परत चालू करता येतो. थोडक्यात दोन्हीकडे घड्याळ तुमच्याविरुद्धच चालतं. म्हणून तक्रार टाकायच्या आधीच पायरी ७ चा निर्णय झालेला पाहिजे. आणि खोटी तक्रार अजिबात नको, ती तुमच्याच अंगावर शेकते.

पायरी ७: कोर्ट, आणि जायचं का

एक चांगली सोय आहे, कलम ६२ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा कोर्टात केस टाकता येते, समोरचा कुठल्याही राज्यातला असो. तीन लाखांच्या वरचा मामला व्यापारी न्यायालयात जातो आणि तिथे तातडीची मनाई मागत नसाल तर आधी मध्यस्थीला जावंच लागतं. मध्यस्थीला नाक मुरडू नका, गेमच्या भांडणांत बहुतेक वेळा शेवट तडजोडीतच होतो. "ट्रिपल टाउन" विरुद्ध "येती टाउन" हे २०१२ चं प्रकरण असंच मिटलं, नक्कल करणाऱ्यांनी अख्ख्या गेमचे हक्कच मूळ लोकांना देऊन टाकले. पब्जीवाल्यांनी २०१८ मध्ये नेटईज या चिनी गेम कंपनीवर अमेरिकेत केस केली, त्यात तर फ्राइंग पॅनने मारामारी करणं हेसुद्धा साम्यांच्या यादीत होतं, म्हणजे आपला तवाच, तेही पुढच्या वर्षी मिटलं.

तात्पुरत्या मनाईसाठी कोर्ट तीन गोष्टी बघतं: प्रथमदर्शनी केस आहे का, हुकूम नाही दिला तर कुणाचं जास्त बिघडतं, आणि ते नुकसान पैशाने भरून येणारं आहे का. याच्या जोडीला उशीर. सहा महिने गप्प बसून मग "तातडी आहे" म्हणालात तर कोण ऐकेल.

फौजदारीचं कुणीतरी नक्की सुचवेल. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सांगितलंय. माझं मत विचाराल तर जशीच्या तशी फाइल उचलून विकणाऱ्यासाठी ते ठीक आहे, पण "सारखा दिसतो" एवढ्यासाठी पोलीस स्टेशनला जाऊन हवालदारांना रूप आणि कल्पना यातला फरक समजावत बसणं, नको.

आणि तुम्हीच कुणासारखा गेम करत असाल तर

करा की. ल्युडोही आपल्या पचिसीवरूनच गेला. फक्त मूळ गेम उघडा ठेवून शेजारी काम करू नका, एकदा नियम कागदावर उतरवा, गेम बंद करा आणि चित्रं, आकडे, लेव्हल, आवाज सगळं शून्यापासून करा. चित्रकाराला "असंच पण जरा वेगळं" असा मेल पाठवू नका, तो मेल उद्या पुराव्यात लागेल. मंचकिनच्या केसमध्ये दुकानातले विक्रेते "पॅक-मॅनसारखा" म्हणून गेम विकत होते हेही कोर्टाने बघितलं, तेव्हा जाहिरातीत दुसऱ्याचं नाव नको.

पेटंटचं लचांड बाहेरच्या देशात आहे हे लक्षात ठेवा. पालवर्ल्ड नावाचा गेम आला तेव्हा सगळे म्हणत होते पोकेमॉनसारखी चित्रं आहेत, कॉपीराइटची केस होणार. सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनी टोकियोच्या कोर्टात गेले ते पेटंट घेऊन, प्राणी पकडायची-सोडायची पद्धत वगैरेवर. आपल्या पेटंट कायद्यात कलम ३ मध्येच गेम खेळायची पद्धत पेटंटच्या बाहेर ठेवलीय, पण तुमचा गेम जपानमध्ये डाउनलोड होत असेल तर तिथला कायदा लागतो.

काही वेळा मात्र करण्यासारखं काहीच नसतं. २०१४ च्या फेब्रुवारीत "थ्रीज" नावाचा आकडे जुळवायचा गेम आला, चौदा महिने घासून केलेला, आणि मार्चमध्ये फुकटचा "२०४८" आला आणि जगभर पसरला. थ्रीजवाल्यांनी आपले जुने मेल सगळे प्रसिद्ध केले, किती विचार करून एकेक गोष्ट ठरवली होती ते दाखवायला. वाचून पोटात तुटतं. पण चाळणी लावली तर वर फार काही राहत नाही.

आमचं काय झालं? त्यांनी उलट नोटीस दिली नाही. पाच आठवड्यांनी गेम परत आला, नव्या नावाने. आजीच्या जागी मिशीवाले काका, सावली बरोबर उजवीकडे, वजनं बदललेली, लेव्हलचा क्रम उलटसुलट केलेला. वकिलांना दाखवलं, त्यांनी शीट मागितली, आम्ही दोघांनी बसून परत दोन रकाने भरले आणि सगळ्या ओळी खोडल्या गेल्या. तराजू राहिला, पण तराजू कुणाचाच नाही.

सव्वा किलोची लेव्हल अजून आहे त्यांच्याकडे, आता ती ३१ वर आहे आणि सव्वालाच बरोबर म्हणते. आमच्याकडे अजून दीडच आहे, या रविवारी बसतो.